बेंबीवरचा रुपया

३ फेब्रुवारी
बेंबीवर रुपया! माझ्या तीन महिन्यांच्या नातीच्या, पिंकीच्या पोटावर नाणं, वर करकचून फडकं! विहीणबाईंचा उद्योग. स्नेहा, माझी सून, कामावर जायला लागली म्हणून तिची आई सिन्नरहून आली आहे. तेव्हापासून घरात एकेक औषध.
"रडली की बेंबी बाहेर येती, विहीणबाई. आमच्याकडं समद्यांनाच बांधत्यात."
मी सोडलं. खालची कातडी ओली, लाल. डॉक्टरांनी सांगितलंय, लहान मुलांची बेंबी बहुतेक वेळा आपोआप आत जाते. पण ऐकतो कोण! आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बर्नाडेट आधी छडी मारायच्या, मग विचारायच्या. कधीकधी त्यांचं पटतं.

५ फेब्रुवारी
अंघोळीत पिंकी रडली तशी उजव्या जांघेत गाठ आली. बोराएवढी. झोपल्यावर गेली. ही बेंबीची गोष्ट नव्हे.

६ फेब्रुवारी
मीच घेऊन गेले. मुलांचे सर्जन म्हणाले, "हर्निया. मुलींनाही होतो, आजी. हा आपोआप जात नाही. याच आठवड्यात ऑपरेशन करू. गाठ कडक झाली, आत जाईना, उलट्या झाल्या, तर तासभरही थांबू नका."
संध्याकाळी माझा मुलगा रवी म्हणतो, "स्नेहाची आई नको म्हणते. पोरीच्या जातीला टाक्याची खूण राहते. वर्षभर बघू."
विहीणबाई मोरीशी भांडी घासत होत्या. मी गेलेच. "खुणेची काळजी, पोरीची नाही?"
त्या ओल्या हातानं उभ्या राहिल्या. "चुकलं, विहीणबाई."
बस्स. चुकलं म्हटलं की झालं!

९ फेब्रुवारी
दुपारी गाठ दगडासारखी. हिरवी उलटी. रिक्षात पिंकी विहीणबाईंच्या मांडीवर. दवाखान्यात पाहते तर बाई अनवाणी! म्हटलं, निदान चपला तरी घालाव्यात.
ऑपरेशन झालं. आतडं अडकलं होतं. थोडक्यात वाचलं.

१० फेब्रुवारी
पिंकी दूध प्यायली. टाका इतकासा — नंतर लंगोटाखाली दिसणारही नाही. यासाठी एवढं सगळं!
वॉर्डाबाहेर सगळ्यांदेखत बोलले विहीणबाईंना. "तुमच्या अडाणीपणानं नात गेली असती माझी." रवी शेजारी उभा, मोबाइलमध्ये डोकं. त्या पदर सावरून निघाल्या. दुपारच्या एस.टी.नं सिन्नर. जाऊ देत.

१२ फेब्रुवारी
पिंकीला घरी आणलं. लंगोट बदलता बदलता, माझ्याकडे न बघता, स्नेहा म्हणाली, "ऑपरेशन नको, हे रवी म्हणत होता. आई पहिल्या दिवसापासून पाया पडत होती, न्या म्हणून. रवीनं तिचं नाव पुढं केलं. तुम्ही त्याला बोलायला नको म्हणून."
"मग त्या गप्प का बसल्या?"
"मुलीची आई आहे ना ती."
फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला.
"बोला, विहीणबाई," — पुन्हा ऐकून घ्यायच्या तयारीत.