सहा खणांची खिडकी

प्रिय चिंगे,

तुझी तब्येत विचारायची म्हणून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. तू "बरी आहे बाबा" म्हणतेस, मी "बरं" म्हणतो, तिथेच संपतं. म्हणून लिहितोय. सातवी शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, चुका पोटात घाल. खोलीच्या दाराची वरची कडी लावतेस ना? गॅस पाच-पाच वेळा बघतेस, असं तुझी मैत्रीण सांगत होती. आता गोदामात कामाला लागलीस, तिथेही खोकी बंद करून झाल्यावर पुन्हा उघडून बघतेस म्हणे. ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही.

परवा तुझ्या जुन्या साहेबांचा घरी फोन आला. तुला परत घ्यायचं त्यांच्या मनात आहे, शनिवारपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाले. तू नको म्हणालीस, तेही त्यांनी सांगितलं. "माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही," असं म्हणालीस म्हणे.

तुझं काम बघायला मला आवडायचं, हे कधी बोललो नाही. आईच्या कॉटशेजारी तू टेबल मांडलंस, तेव्हापासून मी मागे स्टूल घेऊन बसायचो. काळ्या पडद्यावर एकच खिडकी, तिचे सहा खण, आणि प्रत्येक खणात त्या तपासणी प्रयोगशाळेचं एकेक दूरचं मशीन. लॅपटॉप मिटला तरी आतलं काम चालूच राहतं, असं तू सांगितलंस. मी म्हणालो, आमच्या छापखान्यात फोरमनची पाठ वळली की सहाही मशीनं थांबायची. किती हसली होतीस तेव्हा. एका खणात लिहिलेलं सहाही खणांत उमटवायची सोय होती, ती तर मला जादूच वाटायची. आणि एन्टर दाबण्याआधी तू दोन्ही हात मांडीवर ठेवायचीस, सगळं एकदा वाचायचीस. मी रोज बघायचो. एक दिवसही ते चुकलं नाही.

त्या दिवशी सकाळी तू सहाही मशीनांचं काम एकदम केलंस आणि ती सोय बंद करायची राहिली. मग एकाच मशीनवरचं जुनं सगळं पुसायचा हुकूम लिहिलास, तो सहाही खणांत उमटला. एन्टर दाबायच्या आधीच आईला ढास लागली आणि तू उठलीस. परत आलीस तर सगळे रिपोर्ट गेलेले. दुसरी प्रत होती, पण ती चढवायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत रिपोर्ट न मिळाल्याने त्या शिक्षिकाबाईंचं ऑपरेशन पुढे गेलं आणि त्या वाचल्या नाहीत. उठताना घाईत माझंच बोट एन्टरला लागलं असणार, असं तू साहेबांना सांगितलंस, मला सांगितलंस, आणि स्वतःला अजून सांगते आहेस.

तुझं बोट लागलं नव्हतं. तू आईची पाठ चोळत होतीस तेव्हा मी तुझा कीबोर्ड फडक्याने पुसला. मशीन रिकामं दिसलं की पुसायचं, चाळीस वर्षं हीच नोकरी केली. खणांतली अक्षरं भराभर वर पळायला लागली, तसं मी फडकं खिशात कोंबलं आणि स्टूलावर जाऊन बसलो. आईने कॉटवरून पाहिलं होतं. "सांगा तिला," असं ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मी उद्या म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायला ती राहिली नाही. तू परत येऊन नेहमीसारखं वाचलं असतंस आणि चूक तुला दिसली असती. साहेबांनाही हेच लिहून ते पाकीट सकाळीच टपालपेटीत टाकलंय, म्हणजे आता मला माघार घेता येणार नाही. त्या बाईंच्या घरचा पत्ताही मागितलाय. तिथे मी जाईन, तू जायचं नाहीस. शनिवारच्या आत साहेबांना फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

तुझाच,
बाबा