गिअरबॉक्समधला आवाज

३ मार्च
ठराव. यंदा शर्यतीत उतरायचंच. जुन्या गाड्या, हौशी चालक, दहा फेऱ्या. बाबांनी त्यांची ही दोन सीटची गाडी तिथे सात वेळा पळवली. माझी तयारी तीन वर्षं चालू आहे. पहिल्या वर्षी टायर आडवे आले, दुसऱ्या वर्षी कार्बोरेटर, गेल्या वर्षी माझी पाठ. यंदा एकही अडचण दिसत नाही.

४ मार्च
दादाचा फोन. गाडीत निम्मा वाटा त्याचा. म्हणाला, यंदा धावली नाही तर विकून टाकू, गिऱ्हाईक बघून ठेवलंय. मी म्हटलं, तो प्रश्नच येणार नाही. तो म्हणाला, हे वाक्य गेल्या वर्षीही होतं, पाठदुखीच्या आधी.

७ मार्च
अर्ज भरला. त्यात राखीव चालकाचा एक रकाना. रिकामा बरा दिसत नाही म्हणून बायकोचं नाव घातलं.

१६ मार्च
शर्यतीच्या लायसन्सची चाचणी, संयोजकांच्या गाडीवर. राखीव चालकालाही द्यावी लागते. मला दोनदा द्यावी लागली, ट्रॅक ओला होता. बायको माझ्यानंतर त्याच ट्रॅकवर पहिल्या झटक्यात पास. तोवर वाळला असावा.

२२ मार्च
गाडीतून काही काढायला नियमाने बंदी. म्हणून वजन चालकातून काढतो आहे. चार किलो उतरलो. पँट सैल, अंगठी सैल. बायको म्हणते, तू जेवतच नाहीस. मी म्हटलं, याला शिस्त म्हणतात.

२९ मार्च, सकाळी ७
गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढायची होती. इंजिन एका दमात सुरू. गिअरची मूठ ॲल्युमिनियमची, बाबांनी स्वतः लेथवर केलेली. ती धरली. आणि आवाज. खट्खट्खट्. बारीक, जलद, गिअरबॉक्समधून. इंजिन बंद केलं.

३० मार्च
मिस्त्री आले. बाबांच्या वेळचे. गल्लीच्या टोकापर्यंत गाडी नेऊन आणली. म्हणाले, साहेब, गिअर म्हणजे लोणी आहे. मग मी बसलो. खट्खट्. विचारलं, आता? ते इंजिनावर वाकले होते. काही नाही म्हणाले. चाळीस वर्षं हातोड्याजवळ काढली की कान जातात.

५ एप्रिल
गिअरबॉक्स उतरवला. दात शाबूत. बेअरिंगं शाबूत. नवं तेल घालून बसवला.

६ एप्रिल
आवाज आहे. फक्त उभ्या गाडीत, निघण्याच्या आधी. म्हणून निघत नाही.

९ एप्रिल
पुन्हा उतरवायला सांगितला. मिस्त्री म्हणाले, साहेब, नमनालाच दोन घडे तेल गेलं. उतरवला. काही सापडलं नाही. याचा अर्थ दोष खोल आहे. दादाला तसं कळवलं. तो म्हणाला, अंगण वाकडं, आणि फोन ठेवला.

१३ एप्रिल
बायको म्हणाली, मी पेट्रोल भरून आणते. पंप पाच मिनिटांवर. पाऊण तासाने आली. आवाज आला का विचारलं. नाही म्हणाली. बाबा या गाडीत बसले की का हसायचे ते कळलं, म्हणाली. ऐकायलाही सवय लागते.

१६ एप्रिल
आवाजाची नोंदवही केली. तारीख, वेळ, हवामान. एकवीस नोंदी. तपासनीसापुढे ठेवणार. तो गाडी नापास करेल. सुरक्षेचा प्रश्न म्हटल्यावर दादालाही बोलता येणार नाही. मला फार वाईट वाटेल. त्याची तयारी ठेवली आहे.

१८ एप्रिल
उद्या शर्यत. दादा येणार आहे. गिऱ्हाईकाला घेऊन. जेवलो नाही. शिस्त.

१९ एप्रिल, सकाळी ८.१०
तपासणी. बायकोनेही शर्यतीचा सूट चढवला आहे. म्हणाली, वारा गार आहे. तपासनीसाला नोंदवही वाचून दाखवली. तो गाडीखाली सरकला, इंजिन सुरू करायला लावलं, बराच वेळ ऐकलं. बाहेर येऊन म्हणाला, असा गिअरबॉक्स मी या वर्षी पाहिला नाही. मला बरं वाटलं. मग म्हणाला, इतका चांगला. ब्रेक पास. पट्टे पास. शेवटी माझ्या बोटाकडे पाहिलं. अंगठी काढा, अंगावर धातू चालत नाही. बायकोकडे दिली. त्याने गाडीवर हिरवा स्टिकर लावला.

संध्याकाळी ६
क्रमाने लिहितो.
रांगेत पुढे अकरा गाड्या. इंजिन चालू. गिअरची मूठ धरली आणि आवाजाची वाट पाहिली. आला नाही. आणखी थांबलो. नाही. खाली पाहिलं. हातमोज्यातला हात मुठीवर थरथरत होता. रोजच्याच वेगाने. आज वाजायला अंगठी नव्हती, एवढंच.

पुढच्या गाड्या सरकल्या. मागच्याने हॉर्न दिला. बायको भिंतीपाशी होती, हेल्मेट हातात घेऊन. ती आली, आत वाकली, माझ्या हातावर हात ठेवला. उतरतोस का, म्हणाली. मी म्हटलं, गिअरबॉक्स. ती म्हणाली, हो, गिअरबॉक्स.

उतरलो. तिने स्वतःची अंगठी काढली आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या.

चौदा गाड्यांत नववी आली. दादा उभा राहून टाळ्या वाजवत होता. गिऱ्हाईकाला त्याने चहा पाजून परत पाठवलं. मला म्हणाला, राखीव चालकाला विचार, पुढच्या वर्षी मोकळी आहे का.

दहाही फेऱ्या मी भिंतीपाशी उभा होतो. तिसऱ्या फेरीला ती वळणावर दोन गाड्यांच्या मधून निघाली तेव्हा शेजारच्या माणसाने विचारलं, कसला हो आवाज येतोय? मी हाताकडे पाहिलं. दोन्ही अंगठ्या बंद मुठीत वाजत होत्या.

मी म्हटलं, सैल झाल्यात.