कॉफी घ्या म्हणालो

गैथ,

आपली गाडी मागून ठोकणाऱ्याकडची सात माणसं काल आली. त्यांच्या म्हाताऱ्याने कॉफीचा कप खाली ठेवला. "दावा सोडलात तरच ओठाला लावीन," म्हणाला. तुझी वाट पाहिली. शेवटी "घ्या, प्या," म्हणालो.

आज चौकीतला पोलीस मला हसला. "अबू गैथ, तुमचा विमा संपला असला तरी चूक त्यांची होती. भरपाई मिळाली असती की!" पण शब्द दिला तो दिला. विमा भरायचं तू विसरलास, असू दे.

मी बसने करकला जातोय. मसुराचं सूप गरम करून घे. मोरीतले कप एवढ्यात विसळू नकोस. आई गेल्यापासून या घरात एवढे कप उष्टे झाले नव्हते.

— बाबा