उतार अजून ओला आहे

९ जानेवारी

चि. धाकट्यास,

अ. आ. तुझं खुशालीचं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक म्हणावं असं आहे, पण ठीक नाही.

तुझ्या वहिनीचं कंबरेचं हाड दारातल्या पायऱ्यांवर मोडलं, त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून चाकांची खुर्ची. दवाखान्यात न्यायचं तर शेजारचे दोघे तिला खुर्चीसकट उचलून खाली ठेवतात. परवा तिने जाहीर केलं की उचलून न्यायला ती काही सोफा नाही. तिला आपल्या हातांनी चाकं फिरवत रस्त्यावर उतरायचंय, एकटीने. मी म्हटलं, कुठे जायचं ते सांग, मी नेतो. तर म्हणाली, कुठे ते सांगावं लागू नये म्हणूनच तर जायचंय.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कापडाचं दुकान सोडल्यापासून हाताला मोजायचा गज नाही की कापड नाही. घरभर येरझारा घालतो आणि शाळेतल्या कविता पुटपुटतो. गुरुजी पिंजऱ्यातल्या पाखराची कविता चालीवर म्हणून घ्यायचे, आठवतं? पिंजरा उघडावा असं तिच्यात होतं. उघडणाऱ्याला पुढे काय वाटतं त्याचं कडवं मात्र नव्हतं. की होतं, आणि परीक्षेला नाही म्हणून गुरुजींनी गाळलं?

तू बांधकामातला. पायऱ्यांच्या जागी उतार कसा करावा ते लिही. घाई नाही.

कळावे, माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

१७ जानेवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. घाई नाही असं तू म्हणतोस की वहिनी?

उतार सरळ रस्त्यावर सोडू नकोस, घसरगुंडी होईल. दाराचा उंबरा रस्त्यापासून जितका उंच, त्याच्या बारापट लांबी हवी. तेवढी जागा समोर नाही, म्हणून भिंतीच्या कडेने ने आणि मधे सपाट वळण दे. खालची माती चांगली ठोकून घे. सोबत फायबरच्या पुड्या पाठवतोय. केसांसारखे प्लास्टिकचे तंतू असतात, काँक्रीट कालवताना त्यात मिसळायचे. सिमेंटच्या एका पोत्याला एक पुडी, भुरभुरत टाकायची, नाहीतर गोळे होतात. पण हे तंतू म्हणजे सळई नव्हे, बरं का. उद्या गच्चीला घालायला निघशील! भार खालची जमीन घेईल; तंतू फक्त चिरा आवरतात.

माल घट्ट दिसला म्हणून गवंडी पाणी ओतायला जाईल. त्याचा हात धर. शेवटी वरून आडवा झाडू फिरवायचा, म्हणजे चाक घसरणार नाही. मग आठवडाभर ओलं गोणपाट.

वहिनींना नमस्कार. त्यांना सांग, सोफा इतका बोलत नाही.

लोभ आहे तसाच असू दे, थोडा जास्त झाला तर परत करणार नाही.
तुझा धाकटा

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. आ. उतार ओतून झाला. गवंड्याने पुडी फोडून आत पाहिलं आणि विचारलं की आजोबा, म्हातारीचे केस विकत आणलेत काय. मी म्हटलं, बाबा रे, जन्म कापडात गेला, धाग्यात किती जोर असतो ते मला विचार. तू म्हणालास तसंच झालं, तो पाण्याची बादली उचलायला गेला, मी तिच्यावर बसलो. पायजमा भिजला, पण उतार वाचला.

झाडू फिरवला, आणि वाळल्यावर पाहतो तर त्याच्या अंगभर तुझ्या तंतूंची पांढरी लव! तुझी वहिनी खिडकीतून म्हणाली, आता रोज सकाळी दोघांपैकी दाढी कुणाची करायची?

ती रोज विचारते, वाळला का. मी सांगतो, अजून ओला आहे. त्यात वळणापाशी केसाएवढी चीर दिसली. तुझं उत्तर येईपर्यंत तुझ्या वहिनीला उतारावर सोडणार नाही.

आठवण ठेव, आम्ही ठेवतोच आहोत.
तुझा दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. केसाएवढी चीर केसाएवढीच राहावी म्हणून तर ते केस घातले! तिच्यात नख घालून बघ. शिरलं नाही तर विसरून जा. लव चाकांखाली झिजेल, तिला वस्तरा लावू नकोस. गोणपाट काढ आणि वहिनींना जाऊ दे.

माझ्यावरचा राग लोभातच जमा धर.
तुझा धाकटा

३ मार्च

चि. धाकट्यास,

अ. आ. वस्तरा लावला. पाती फुकट गेली, लव तशीच.

चिरेत नख घालून पाहिलं, शिरत नाही. आज पुन्हा पाहिलं. परवा वारा फार होता. काल उताराच्या तोंडाशी कुत्रं झोपलं होतं, त्याला उठवणं जिवावर आलं. वरून आणखी एक थर ओतावा का? गोणपाट अजून भिजवतो आहे. भिजवून आत येतो, पुन्हा बाहेर जातो.

तुझी वहिनी आता विचारत नाही. खिडकीकडे पाठ करून बसते. कविता म्हणायला गेलो तर दुसऱ्या ओळीला अडकलो, आणि तिने ती पुरी करून दिली नाही. असं कधी झालं नव्हतं.

लवकर लिही.
तुझा दादा

९ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. लहान तोंडी मोठा घास घेतो.

त्या उतारावर आता आपण दोघे, वहिनी आणि तुझा गवंडी मिळून नाचलो तरी त्याला काही होणार नाही. तू त्याला पाणी घालत नाहीस, दादा, वेळ काढतोस. हाड मोडलं त्या दिवशी तू धावत बाहेर आलास तेव्हा वहिनी पायऱ्यांखाली पडल्या होत्या. हे तू मला कधी लिहिलं नाहीस, त्यांनीच सांगितलं. पुन्हा पडतील का? पडतीलही. ते सांगणारं काँक्रीट अजून निघालेलं नाही. पण जावं की नाही हे त्यांना विचार. मला विचारू नकोस आणि त्या चिरेला तर मुळीच नको.

रागावलास तरी आपलाच म्हणून रागाव.
तुझा धाकटा

१८ मार्च

चि. भाऊजींस,

अ. आ. तुमचं पत्र ह्यांनी वाचलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मी चष्मा शोधून वाचेपर्यंत बाहेर गोणपाट झटकल्याचा आवाज आला.

पहिल्या दिवशी मी वळणावर अडकले. डावं चाक कडेला घासलं, खुर्ची तिरकी झाली. खोटं कशाला सांगू, भ्याले. हे धावले. मी हात वर केला, आणि हे थांबले. इतक्या वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच! मग खुर्ची मागे घेतली, सरळ केली, उतरले. रस्त्यावर विशेष काही नव्हतं हो. एक बंद दुकान आणि सायकल दुरुस्त करणारा. त्याने मान वर करूनही पाहिलं नाही. फार बरं वाटलं. वर चढताना मात्र दम लागला. शेवटी ह्यांना हाक मारली, तर असं ढकललं की दाराला पोचण्याऐवजी स्वयंपाकघरात पोचले.

आज कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाणार आहे, हेच पत्र टाकायला. मधे रस्ता ओलांडावा लागतो. ह्यांनी मागे यायचं नाही असं ठरलंय. तिकीट ह्यांनी लावलं, वाकडं लागलंय बघा. पत्र तुमच्या हाती पडलं की मी पोचले असं समजा.

माया धरून असा, आम्ही इकडून सोडत नाही.
तुमची वहिनी

ता. क. हे दारात उभे राहून विचारतायत, परत यायला किती वेळ लागेल. मी म्हटलं, माहीत नाही.