फुप्फुसांच्या तळाशी लाल

३ जून
आज माइकवर वाक्यच तुटलं! "फलाट पाचवरची गाडी" — आणि पुढे हवाच नाही. चौकशीच्या खिडकीतला म्हणाला, "ताई, तुमचं वाक्य संपेपर्यंत गाडी पुढच्या गावाला पोचेल." स्टँडवरचे सगळे हसले. मीही हसले. हसतानाही धाप लागली.

५ जून
दिवसभर हजारो माणसांशी बोलायचं. घरी आल्यावर एकाशीही नाही.

९ जून
आमचे नेहमीचे डॉक्टर इतकी वर्षं दमा-दमा म्हणत पंप लिहून देत होते. शेवटी त्यांनीच हात टेकले, छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाईंनी नळीत जोरात फुंकायला लावलं. आकडे बघून कपाळाला आठी!
"सिगारेट?"
"कधीच नाही."
"घरात कोणी?"
"वडील ओढायचे. गेले ते."
छातीचा स्कॅन सांगितलाय — एकदा श्वास भरून, एकदा सोडून. वर, "सोबत कोणाला तरी आणा."
कोणाला आणू?

१२ जून
एकटीच गेले. स्कॅनवाल्याने विचारलं, "पर्स कोणाकडे द्यायची?" म्हटलं, ठेवा तिथेच खुर्चीवर.
यंत्रात आडवी झाल्यावर डोळे भरून आले. भीतीने नाही. त्याने डोक्याखालची उशी नीट करून दिली, म्हणून. वेडीच मी!

१७ जून
माझी फुप्फुसं पडद्यावर — रंगीत! संगणक म्हणे दोन्ही चित्रं एकावर एक बसवतो आणि कुठे किती हवा ते मोजतो. हिरवं ते ठीक. पिवळं म्हणजे हवा आत अडकलेली. लाल म्हणजे तिथली जाळीच विरली, जुनं कापड विरतं तशी. ती परत येत नाही.
माझं लाल सगळं तळाशी.
बाई म्हणाल्या, "हा दमा नव्हे. श्वासनलिकांचा जुना आजार आहे. पण सिगारेटवाल्यांचं बहुतेक वरून सुरू होतं, तुमचं खालून. जन्मापासून रक्तातच दोष असू शकतो. तपासू." मग, "सख्खं भावंड आहे?"
"धाकटा भाऊ."
"त्याला सांगा. लवकर कळलं तर पुष्कळ वाचवता येतं."
मान डोलावली. पण कसं सांगू? बाबा गेले त्या दिवशी हाच चारचौघांत म्हणाला होता, "ताईच्या हयगयीने गेले." बाबांना श्वास पुरेना तेव्हा त्यांची पाठ चोळत मी बसायचे. हा पाहुण्यासारखा यायचा. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

२४ जून
रक्ताचा रिपोर्ट आला. दोष आहेच. बाई म्हणाल्या, वडिलांचंही बहुधा हेच असणार, सिगारेटने भर घातली.
म्हणजे माझी हयगय नव्हती! नव्हतीच! माइकवरून ओरडून सांगावंसं वाटलं.
घरी येऊन भिंतींना सांगितलं.

२५ जून
फोन उचलला, ठेवला. राहू दे त्याला अंधारात, असंही मनात आलं. खोटं कशाला लिहू? मग त्याची मुलगी आठवली. बाबांचंच नाक घेऊन आलीय पोर.

२६ जून
लावला. भावजयीने उचलला. सगळं सांगितलं — धाप, स्कॅन, रक्त, त्यानेही तपासून घ्यावं म्हणून. ती एकही प्रश्न विचारेना. शेवटी हळूच, "बरं ताई. सांगते त्यांना."
एवढंच! मी कशी आहे, हेसुद्धा नाही.

२८ जून
फोन नाही.

३० जून
धाकट्याचा फोन. "ताई, मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. स्कॅन, रक्त, सगळं. बहिणीला सांगा म्हणाले होते डॉक्टर. पण बाबांवरून तुला तसं बोलल्यावर... कोणत्या तोंडाने सांगणार होतो गं?"
दोन वर्षं! त्या दोन वर्षांत माझं किती विरलं असेल, हे त्याला विचारणारच होते. पण बोलता बोलता त्यालाच धाप लागली. हुबेहूब बाबांसारखी.
"बस आधी," म्हटलं. "मग बोल. मी आहे फोनवर."