उघड्या टपाची गाडी

लाडक्या लेकीस,

फोनवर तू म्हणालीस, "बाबा, रोज दुकानात जायला असली जुनी, बिनछताची गाडी? म्हातारचळ लागलाय का?" मी हसण्यावारी नेलं. माझा काळजीखोर स्वभाव तुला ठाऊक आहे. निघण्याआधी मी ब्रेक दोनदा दाबून बघतो, डिकीत छत्र्या नि ताडपत्री ठेवतो. पण ही गाडी घेताना मी जराही मागेपुढे पाहिलं नाही.

गेल्या वर्षी तुझी आई लिफ्टमध्ये अडकली. तेव्हापासून बसचं, टॅक्सीचं दार लागलं की तिचा जीव गुदमरतो. दुकानातलं तिचं शिलाई मशीन झाकून पडलं आणि ती घरी बसून झुरायला लागली. तुला कळवायचं नाही अशी तिने शपथ घातली आहे, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

मेकॅनिक म्हणाला, "काका, छत उघडं अडकलंय, दुरुस्त करून देतो."

मी म्हटलं, "हात लावशील तर खबरदार!"

काल मी जपून हळू चालवत होतो, तर शेजारून ती म्हणाली, "अहो, जरा दाबा की! गिऱ्हाईक दारात उभं असेल."

तुझ्या आईचा ड्रायव्हर,
बाबा