समोरच्या कड्यावरची अस्वलीण

१२ मे, मंगळवार

पुन्हा धुकं. पाहुणे पाच, दुर्बिणी पाच, समोर नुसता पांढरा पडदा. लेओन शहरातून आलेले एवेलिओ मास्तर – निवृत्त, ताठ – मला विचारतात, "अस्वलं इथंच राहतात ना, की तीही शहरात गेली?" सगळे हसले. मीही हसले. पण पाय एका जागी ठरत नव्हते माझे. उगाच दुर्बिणी पुसत फिरले.

१३ मे, बुधवार

दिसली! समोरच्या कड्यावर, गुहेच्या तोंडाशी – अस्वलीण आणि तिची दोन पिल्लं. पाहुण्यांतल्या रोसाउराबाई तर दुर्बिणीला डोळा लावून रडल्याच. "अगं, ते धाकटं बघ, आईच्या पाठीवरून घसरगुंडी खेळतंय."

घरी येऊन बाबांना सांगितलं. घेवड्याचा रस्सा वाढत म्हणाले, "बरं झालं. आता बसून जेव. उभ्याने काय खातेस?" टिनो गेल्यापासून मी उभ्यानेच जेवते, असं त्यांचं म्हणणं. दोन हिवाळे झाले. पोरगा माझा, घोडे आणायला गेला, वरून बर्फाचा कडा कोसळला. मी दारातून बघत होते.

असो. झोप नाही.

१४ मे, गुरुवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

सकाळी नर आला. खालच्या पिवळ्या झुडपांतून वर, रमत गमत, जसं काही घरीच चाललाय. वसंतात नर हेच करतात. पिल्लं मारली की मादी पुन्हा माजावर येते. पाहुण्यांना मी हे दरवर्षी न्याहारीच्या वेळी सांगते, अगदी शांतपणे.

अस्वलिणीने पिल्लांना वर फटीकडे ढकललं आणि वळून त्याच्या अंगावर गेली. तो तिच्या दुप्पट. नियम आहे – बघायचं, मध्ये पडायचं नाही. मी गाडीकडे गेले आणि भोंगा दाबला. दाबूनच ठेवला. दरीभर आवाज घुमला.

नर थबकला. मग झुडपांत उतरला. अस्वलीण वर चढून गेली. तिच्या मागे एकच पिल्लू.

रोसाउराबाईंनी मला घट्ट मिठी मारली. सोडेचनात. एवेलिओ मास्तर तेवढे म्हणाले, "असं करायला नको होतं तुम्ही." चेहरा पांढराफटक. वर्गात उभं केल्यासारखं वाटलं मला. नियम मला शिकवतो हा माणूस!

१६ मे, शनिवार

पाहुणे गेले. निघताना मास्तरांनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मीच सोडवून घेतला.

१८ मे, सोमवार

वन कार्यालयातून फोन. माझ्याविरुद्ध तक्रार आली आहे. चौकशी होईपर्यंत पाहुणे नेण्याचा परवाना बंद.

"कुणी केली?"

"ते सांगता येत नाही, ओलाया."

नका सांगू. मला कळत नाही का?

१९ मे, मंगळवार

मास्तरांना फोन लावला. "तोंडावर साळसूद आणि पाठीमागे सुरी? माझं पोट आहे त्या दुर्बिणींवर!" आणखीही बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "बाई, तक्रार मी केलेली नाही. करायची असती तर तुम्हाला सांगून केली असती. तुम्ही बऱ्या आहात ना आता?"

वर टोमणा! फोन ठेवून दिला.

बाबा गोठ्यातून आले. "कुणाला शिव्या देत होतीस?" सांगितलं. ते मोरीत हात धूत राहिले. बराच वेळ.

२० मे, बुधवार

काही नाही. घर तीनदा झाडलं.

२१ मे, गुरुवार

परवाना बंद असला म्हणून डोळे कोण बंद करणार? एकटीच वर गेले, नेहमीच्या जागी. अस्वलीण चरत होती. एक पिल्लू. दुसरं कुठे मागे राहिलं असेल, येईल, म्हणून उभी राहिले. ऊन कलायला लागलं तरी उभीच.

मागून बाबा आले. धापा टाकत. इतक्या वर्षांत कधी इथे फिरकले नव्हते.

"घरी चल, पोरी."

"तुम्ही जा."

गेले नाहीत. दरीच्या बाजूला, माझ्या आणि उताराच्या मध्ये येऊन उभे राहिले. मला त्यांचा रागच आला – समोरचं सगळं झाकून टाकलं.

२२ मे, शुक्रवार

सकाळी चीज कापता कापता बाबा म्हणाले, "तक्रारीचा फोन मी केला होता."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "भोंग्यासाठी? तुम्ही?"

"भोंग्याचं काय घेऊन बसलीस. मी खालच्या कुरणात गुरांपाशी होतो. भोंगा थांबला, आणि तू दरीच्या उतारावरून खाली धावत सुटलीस. त्या म्हाताऱ्या पाहुण्याने कंबरेला धरून पाडलं, म्हणून वाचलीस. पुन्हा तुला तिथे जाऊ द्यायचं नव्हतं मला."

मी कुठेही धावले नाही. मी गाडीजवळ होते.

मास्तरांना फोन केला. विचारलं.

"टिनो, टिनो म्हणून ओरडत होतात," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला आठवत असेल."